एक कुलेर उणी

बाणावलीच्या त्या घराची किल्ली
क्रोटनच्या कुंडीखाली असेल, असा निरोप आला
तेव्हापासूनच यांची झोप उडाली.
कुंडीखाली! म्हणजे गावभर.
चौतीस वर्षं इचलकरंजीच्या बँकेत कॅशियर होते हे,
हातात नोटा नसल्या तरी
अंगठा अजून हवेत मोजत असतो.

पोचल्यावर समुद्र कुठंय हे विचारलं नाही त्यांनी.
आधी मागचं दार. मग न्हाणीचा झरोका.
मग शिंपल्यांच्या तावदानांची ती जुनी खिडकी,
जिची खिट्टी केव्हाच गंजून गळली होती
आणि जिच्यातून ताकासारखा उजेड
आत येत होता, कुणालाही न विचारता.

माझ्या पाटल्या रव्याच्या डब्यात गेल्या.
रोख रक्कम तीन ठिकाणी:
इसबगोलच्या खोक्यात, जुन्या मोज्यात,
आणि तिसरी जागा मलाही सांगितली नाही.
"कुणी दरडावून विचारलं, तर तुला माहीतच नको."
कोण विचारणार होतं मला?
घरात तरी कधी कुणी काय विचारलंय.

रात्री दाराच्या कडीवर स्टीलचा पेला पालथा.
दाराला टेकून खुर्ची, खुर्चीवर बॅग,
बॅगेवर माझी छत्री,
पूजा मांडावी तशी.
पंखा कुरकुरला की हे उठून बसत.
मी डोळे मिटून ऐकत राहिले
माडांपलीकडे लाटांचं येणं,
काही न्यायचं नसताना येणं.

पहाटे पेला पडला.
अंधारात आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून उभे
(किती वर्षांनी, तेही सांगून टाकते).
बाहेर पोदेर होता, सायकलवर,
पों पों वाजवत, टोपलीत ऊन ऊन उंडे.
यांनी फटीतून दहाची नोट सरकवली,
म्हणाले, "तिथंच ठेवा, पायरीवर."

आतली एक खोली मात्र बंद होती.
पितळेचं कुलूप, मुठीएवढं.
मालकांचं सामान, एस्पेरांसा म्हणाली.
हे त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिले:
"याला म्हणतात कुलूप."
मला चौथ्या दिवशी कळलं, कप विसळताना,
की ते आमच्यासाठी होतं.

निघायच्या सकाळी ती वही घेऊन आली.
चादरी चार. उशा चार. बशा आठ. सुरी एक.
मग खण उघडून बोट फिरवता फिरवता थांबली.
"एक कुलेर उणी."
कुलेर म्हणजे काय ते कळायच्या आधीच
माझे कान तापले.
उणं मराठीतही उणंच.

यांनी आपणहून बॅगा उपसल्या.
इसबगोल सांडलं. मोजा निघाला,
नोटांसकट, थेट तिच्या पायापाशी.
तिनं मान वळवून बाहेरच्या फणसाकडे पाहिलं.
रव्याचा डबा पदराखाली धरून मी उभी,
चोरासारखी.

मग यांना आठवलं.
काही न बोलता खिडकीशी गेले
आणि खिट्टीच्या जागी
पहिल्या रात्री खुपसलेला चमचा
ओढून काढला.
झडप आपोआप उघडली,
पाच दिवसांत पहिल्यांदा.
बाहेर कुणीच नव्हतं. एक कोंबडी होती.

चमचा पार वाकला होता.
एस्पेरांसानं गुडघ्यावर दाबून तो सरळ केला,
झग्याला पुसला, "आतां स," म्हणाली,
वहीत खूण केली.
हसली नाही, हे तिचे उपकार.

गाडी वळताना मी मागं पाहिलं.
खिडकी तशीच उघडी टाकून,
दार नुसतं लोटून घेऊन
ती कुंडी उचलत होती.

फोंडा मागं पडल्यावर हे एकदम गप्प झाले.
अंगठाही थांबला.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"अगं, ती तिसरी जागा..."

मी काच खाली केली.
वारा आला. येऊ दिला.